चौथा भाग

आमच्या बेटावरची धावपट्टी थेट समुद्राशी संपते. हिवाळ्यात तिच्यावर चाकं कितपत पकड घेतील, हे सोलफ्रिड गाडीतून फिरून रेडिओवर सांगते आणि मी टॉवरमधून वैमानिकांना कळवतो. पट्टीचे तीन भाग, प्रत्येकाला एक आकडा. शून्य म्हणजे उतरूच नका, सहा म्हणजे कोरडी. यंत्रं चुकतात, सोलफ्रिड नाही. वैमानिक तिच्या आकड्यावर डोळे मिटून उतरतात.

त्या दुपारी हिमवादळ होतं.

"पहिला भाग तीन," सोलफ्रिड म्हणाली. "दुसरा दोन. तिसरा एक."

"बास, ये वर. कॉफी गार होतेय."

"थांब रे, चौथा राहिलाय."

"चौथा कुठला? पुढे समुद्र आहे, बाई!"

"मला दिसतंय ते सांगतेय. चौथा सहा. अगदी कोरडा. कळव."

तिच्या शब्दात फेरफार करायची माझी छाती झाली नाही. मी तसंच कळवलं.

विमान टेकलं, पण थांबेना. घसरत घसरत ते शेवटच्या दिव्यांपलीकडे गेलं. मी भोंग्याकडे हात नेला, तोच रेडिओ बोलला.

"थांबलो! सगळे सुखरूप. चौथा भाग खरंच कोरडा आहे. बाईंना धन्यवाद सांगा."

सोलफ्रिड जिना चढून आली, बूट झटकले, कॉफीचा घोट घेतला. "बघ, सांगितलं नव्हतं?"

बाहेर वादळ विरलं होतं. पट्टी टोकापर्यंत लख्ख दिसत होती आणि पुढे शांत, काळं पाणी. विमान कुठेच नव्हतं.

"प्रवाशांना उतरवतोय," वैमानिक म्हणाला. "त्यांना घ्यायला बरीच माणसं आलीयत."