पाच-सात मीटर इकडेतिकडे

जमीन मोजणीचं काम करणाऱ्या लेकीचा ठिपका आईला फोनच्या नकाशावर शेजारच्या घरात दिसला. तिने लगेच फोन लावला.

"शेजारी काय करतेयस गं?"

"शेजारी कुठली? मी माझ्या खोलीत लोळतेय. अगं, साधा फोन पाच-सात मीटर इकडेतिकडे दाखवतोच. आमच्या मोजणीच्या यंत्राची गोष्ट वेगळी, ते बोटभरही चुकत नाही. तू बाजार कर निवांत."

"बाजार कधीच आटोपला. तुझ्याच पलंगावर बसलेय मी."

 फोनवर शेजारच्या मुलाचा चाचरता आवाज आला, "काकू, संध्याकाळी आईबाबांना घेऊन आलो तर चालेल?"