तळमजल्यावरची खोली

"सत्तेला जाब विचारण्याची ताकद आजही फक्त लेखणीत आहे," असं उल्हास रिसबूड यांनी जाहीर केलं आणि लगेच बायकोला विचारलं, "अगं, हा फोटो ईमेलला कुठून चिकटवायचा?"

"पेपरक्लिपचं चित्र दिसतंय ना, तिथून," वैजयंती म्हणाली. हयातभर तिने हॉस्पिटलात पेशंटना भूल दिली होती. रिटायर झाल्यापासून नवऱ्याला शुद्धीवर ठेवायचं काम तिच्याकडे होतं.

फोटो नकुलचा होता, त्यांच्या एकुलत्या एका मुलाचा. लहानगा नकुल लंडनमधल्या हॅरोच्या घरामागच्या बागेत एका हडकुळ्या माणसाच्या खांद्यावर बसून हसत होता. तो हडकुळा माणूस आता एका देशाचा राष्ट्राध्यक्ष होता. देश लहान, नकाशावर बोट ठेवलं तर झाकून जाईल एवढा. तुरुंग मात्र मोठे होते.

तेव्हा तो परागंदा पुढारी होता. उल्हासरावांनी आपल्या पेपरासाठी त्याची मुलाखत घेतली आणि राहायला जागा नाही म्हणाला, तर वरच्या मजल्यावरची अडगळीची चिमुकली बॉक्सरूमही दिली. वैजयंतीच्या हातचं पिठलं खाता खाता तो लोकशाहीवर बोलायचा. पिठलं संपलं तरी बोलायचा. पुढे तो मायदेशी परतून निवडून आला, आणि मग निवडून येतच राहिला.

आता तिथे पुन्हा निवडणूक लागली होती. नकुलही बापासारखा पत्रकार. ती कव्हर करायला तो गेला. विरोधकांच्या मोर्चावर पोलीस गोळ्या झाडत होते, त्याचे फोटो त्याने काढले. दुसऱ्या दिवशी त्याला हॉटेलातून उचलून नेलं. लंडनच्या सरकारी ऑफिसातल्या बाई फोनवर फार गोड बोलायच्या. "वी आर मॉनिटरिंग द सिच्युएशन," म्हणायच्या.

म्हणून मग उल्हासरावांनी स्वतःच पत्र लिहिलं. ज्याला एकेकाळी 'अरे, ताट विसळून ठेव' म्हटलं होतं, त्याला 'महामहिम' लिहिलं. आणि उत्तर आलं. चक्क आलं.

'मित्रा, पोरगा ठीक आहे. जेवतोय. कायद्याला त्याचं काम करू दे. बाकी, इथले तरुण मतदार माझ्यावर का रुसलेत? तुला काय वाटतं?'

उल्हासरावांना जे वाटलं ते त्यांनी कळवलं. पुढच्या पत्रात त्याने एका भाषणाचा मसुदा पाठवला. उल्हासरावांनी तो तपासून दिला. त्याच्या पुढच्या भाषणाला मसुदाच नव्हता. तो उल्हासरावांनी केला. जाब विचारायला निघालेली लेखणी प्रचाराला लागली. दर उत्तरात 'पोरगा जेवतोय' एवढं असायचं, आणि तेवढ्यासाठी उल्हासराव पानंच्या पानं लिहायचे. शेवटी न चुकता दोन ओळी: 'नकुलची तळमजल्यावरची खोली त्याची वाट बघतेय. आपणही कधी इकडे आलात तर घरी या.'

"हे 'घरी या' कशाला दर वेळी?" वैजयंतीने एकदा विचारलं.

"अगं, म्हणायची पद्धत असते. आपण सगळ्यांनाच म्हणतो. येतं कोण?"

"नॉटिंगहॅमच्या शशीला म्हटलं होतं. नाताळ उलटला तरी हलली नव्हती."

प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात उल्हासरावांना एक वाक्य सुचलं. आयुष्यभर पुढाऱ्यांची टिंगल केलेल्या माणसाला एका पुढाऱ्यासाठी इतकं चांगलं वाक्य सुचावं, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. त्यांनी लिहिलं, 'भर सभेत सांगा, माझ्या देशाच्या तुरुंगात आज एकही पत्रकार नाही. मात्र आधी ते खरं करा, मग बोला.'

"मानेल तो?" वैजयंतीने विचारलं.

"मतं हवीत ना त्याला? मानेल."

मानलं. शेवटची सभा त्यांनी लॅपटॉपवर लाइव्ह पाहिली. पांढऱ्या शर्टातला राष्ट्राध्यक्ष आता चांगला गुबगुबीत झाला होता. त्याने हात उंचावला आणि म्हणाला, "माझ्या देशाच्या तुरुंगात आज एकही पत्रकार नाही!"

"ऐकलंस? माझं वाक्य! शब्द न् शब्द माझं!"

या खेपेला वैजयंतीने टोमणा मारला नाही. तिने डोळे पुसले, उठली आणि साबुदाणा भिजत घातला. नकुलला खिचडी आवडायची. मग त्याच्या खोलीची खिडकी उघडली, हीटिंग लावलं. नकुलचा फोन लागत नव्हता. "चार्जर काढून घेतला असेल मेल्यांनी," उल्हासराव म्हणाले. दुसऱ्या दिवशीही लागला नाही. तेव्हा ते म्हणाले, "फ्लाइटमध्ये असेल." खिचडी त्या दोघांनीच खाल्ली.

निकाल लागला. राष्ट्राध्यक्ष हरला. चांगली वाक्यंसुद्धा कधी कधी कमी पडतात. दुपारी त्याची ईमेल आली तेव्हा वैजयंती नकुलच्या गादीवर इस्त्रीची चादर घालत होती. उल्हासराव चष्मा लावून लॅपटॉपसकट दारात आले.

"आली गं! कुठल्या विमानाने पाठवलंय ते लिहिलं असेल."

"मग वाचा ना मोठ्याने."

ते वाचू लागले.

'मित्रा, हरलो. रविवारी हीथ्रोला उतरतोय. तू दर पत्रात घरी बोलावलंस, हे मी विसरलेलो नाही. तुझा सल्ला मी अक्षरशः पाळला: आधी खरं केलं, मग बोललो. आता एकच छोटी विनंती. माझे गुडघे गेलेत, ती वरची बॉक्सरूम काही मला झेपायची नाही. नकुलची तळमजल्यावरची खोली यापुढे रिकामीच असणार, तर तेवढी देशील का?'