उद्याचा पेपर बंद

"उद्याचा पेपर बंद कर," हौसाक्कांनी फोनला दटावलं.

"का हो, आक्का?" फोन लाडात आला. "उद्याच्या बातम्या आजच देतो. एक तरी चुकली का?"

"तेच तर दुखणं! उद्या नात खो-खोची फायनल खेळणार. निकाल तू आधीच सांगितलास, तर मी तिथं बसून काय मटार सोलू?"

"बरं, जाता जाता तेवढा निकाल..."

"खबरदार! जीभ हासडीन." त्यांनी 'रद्द' दाबलं आणि तो तीनदा 'नक्की?' म्हणाला, तर तिन्ही वेळा अंगठा रोवला.

दुसऱ्या दिवशी, आपापल्या फोनवर आदल्या दिवशीच निकाल वाचून आलेले लोक मैदानात जांभया देत होते. एकट्या हौसाक्का खुर्चीवर चढून ओरडत होत्या, "पळ गं, भवाने, पळ!"

थोड्याच वेळात निकाल पाठ असलेली माणसंही उभी राहून नखं कुरतडू लागली.