दाराच्या आतली बाजू

सकाळी जावई गाडी ठेवून गेला तेव्हा घाईत होता. "बाबा, माझ्या शेजारच्या सीटचं दार आतून जरा खरचटलंय. सामान चढवताना लागलं. पाचला येतो," म्हणाला आणि चावी हातावर टेकवून निघूनही गेला.

गॅरेजच्या गल्लीत सासऱ्याला सगळे दाणेवाला म्हणत. तो दाणे विकत नव्हता. गाडीतल्या प्लास्टिकवर जो बारीक खडबडीत दाणा असतो, तो घासून उडाला की पुन्हा उठवून द्यायचा. उन्हानं पांढरे पडलेले बंपर, बुटांनी सोललेली दारं, सगळं त्याच्याकडे यायचं आणि नव्यासारखं होऊन जायचं. जावई एवढ्या मोठ्या हुद्द्यावरचा, तरी गाडी आपल्याकडेच आणतो, याचं त्याला कोण कौतुक. वर्षभरातली ही तिसरी खेप. मागच्या दोन्ही वेळी त्यानं शेजारच्या पंक्चरवाल्याला बोलावून काम दाखवलं होतं.

दुपारपर्यंत हात सवयीनं चालले. साबणाच्या पाण्यानं ब्रश मारला, गरम हवेनं प्लास्टिक मऊ केलं, उठलेल्या कडा चेपल्या, खोल चरांत पुट्टी भरली. ती ओली असतानाच चांगल्या भागावरून घेतलेला रबरी ठसा वर दाबला. ठसा सोडवला की खाली दाणा हजर. मग राखाडी रंगाचा एक हात. मधले ओरखडे एकेक करून गडप झाले.

तळाशी दोन राहिले. ते करायला तो आडवा झाला, गाल जवळजवळ फरशीला टेकवून, आणि तिथून पहिल्यांदा त्यानं ते नीट पाहिले.

सामानाचा ओरखडा आडवा जातो. हे खालून वर गेले होते, जोडीनं, सीटवर बसलेल्या माणसाचे पाय जिथं असतात तिथून. एका चरात तपकिरी रबराचं साल अडकलं होतं. त्यानं नखानं काढून तळहातावर घेतलं. बायकांच्या सँडलच्या टाचेचं होतं. मग नजर आपोआप वर गेली. दाराच्या कडीभोवती चार बारीक रेघा होत्या, एकमेकींना धरून. जावयानं त्या दाखवल्या नव्हत्या. सासऱ्याचा स्वतःचा हात सकाळपासून त्यांच्यावरून फिरत होता.

तो उठून बसला. मग लेकीला फोन लावला.

"काय गं, बरी आहेस ना?"

"हो बाबा. का?"

"गाडीच्या दाराला काय लागलं?"

पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाला.

"हे काय म्हणाले?"

"सामान."

"मग सामानच."

"आणि मागच्या दोन वेळेला?"

नळ पुन्हा सुरू झाला. ती अगदी हळू म्हणाली, "बाबा, काम पाचच्या आत द्या हं त्यांना. उशीर करू नका."

त्यानं हात धुतले नाहीत. शटर ओढलं, कुलूप घातलं आणि जावयाच्याच गाडीत बसून निघाला.

लेकीनं दार अर्धंच उघडलं. उकाड्यातही बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या.

"हे घरी नाहीत."

"माहीत आहे. चल."

"कुठं?"

"घरी."

"गाडी त्यांची आहे बाबा. पाचला ते दुकानात..."

"येऊ देत. दुकान बंद आहे."

तिनं त्याच्या राखाडी बोटांकडे पाहिलं. मग आत गेली, पर्स घेऊन आली. चप्पल घालताना भिंतीला धरावं लागलं. जिना ती एकेक पायरी उतरली, दोन्ही पाय पायरीवर आणून, मग पुढची. तो एक पायरी खाली राहून उतरला, हात पुढं करून. तिनं तो धरला नाही, कठडा धरला.

गाडीपाशी त्यानं तिच्यासाठी दार उघडलं. ती लगेच बसली नाही. वाकून तिनं दारावर बोट फिरवलं, जिथं सकाळपर्यंत ओरखडे होते तिथं.

"मागच्या वेळीही तुम्हीच भरलंत."

"मला वाटलं..." तो म्हणाला.

"काही राहत नाही तुमच्या हातून. गाडी घरी आली की मी ओरखडे शोधायची. सापडायचंच नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "एकदा तर मला वाटलं, झालंच नसेल."

त्याला वाटलं, तिनं आता दोन थोबाडीत माराव्यात. तिनं तसं काही केलं नाही.

"खालचे दोन राहिलेत," तो कसाबसा म्हणाला. "आणि कडीजवळचे."

"ते राहू द्या."

ती बसली. पाय मात्र तिनं सीटवर घेतले, दारापासून लांब, गुडघे छातीशी आवळून. गल्ली गेली, मोठा रस्ता लागला, तरी तशीच.

"पाय खाली सोड गं," तो म्हणाला. "रंग वाळलाय."

तिनं एक पाय सोडला. थोड्या वेळानं दुसरा. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिची मान मागं टेकली होती, डोळे मिटत आले होते.

पाच वाजले आणि त्याच्या खिशातला फोन वाजू लागला. त्यानं उचलला नाही. थांबला, पुन्हा वाजू लागला.

तिनं दोन्ही पाय वर घेतले.