जपून ठेवलेला खोकला

"खोकला कुठे गेला?"

ओल्या हातांनी आई स्वयंपाकघरातून आली ती हेच विचारत. मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर बाबांचा आवाज चालू होता. बाबा जाऊन वर्ष होत आलं होतं, पण आवाज रोज दुपारी घरात असायचा.

"काढला," लेक हसून म्हणाली. "कालच सगळ्या फाइली साफ करून झाल्या. खोकला, खुर्चीची करकर, सगळं गेलं. आता कसे खणखणीत ऐकू येतात बघ."

निवृत्तीनंतर बाबा अंध वाचकांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करायचे. ग्रंथालयाला आता त्यांची स्वच्छ रेकॉर्डिंग हवी होती. लेकीनं त्यासाठी एक छोटासा प्रोग्राम लिहिला. जिथे तो चुकला तिथे स्वतः कान लावून बसली. तांदळातले खडे वेचावेत तसे तिनं बाबांचे ठसके वेचले, सुस्कारे वेचले. वाचता वाचता मधेच थांबून ते आत हाक मारायचे, "अगं, पाणी!" ती हाकही वेचून टाकली.

"मला होतं तसंच हवंय," आई म्हणाली.

"मग होतं तसं देते. त्यात काय! मूळ फाइली जपून ठेवल्यात मी. अगं, मी कॉलेजात हेच तर शिकवते. घरीच विसरेन होय?"

ती टेबलाशी बसली. आज टेबल कोरडं होतं. एरवी संध्याकाळी कॉलेजातून यावं, तर की-बोर्डच्या शेजारी पाण्याचा भरलेला पेला ठरलेला. त्याच्या बुडाचे गोल डाग लाकडात उतरले होते. "आई, सांडलं म्हणजे?" असं म्हणत लेक तो रोज बेसिनमध्ये ओतायची. आज पेला नव्हता. चला, एकदाचं ऐकलं म्हणायचं.

'जपून' नावाचा फोल्डर तिनं उघडला आणि पहिली फाइल लावली. बाबा वाचू लागले. वाक्यामागून वाक्य, कुठे अडखळणं नाही, ठसका नाही. तिनं दुसरी लावली. तीही तशीच, धुतल्यासारखी.

तिनं फाइलींची तपशीलवार यादी मागवली. प्रत्येक फाइलीपुढे दोनचा आकडा होता. एक वस्तू, नावं दोन. तिचे कान तापले.

वर्गात ती हे किती हौसेनं सांगायची! "सिम्बॉलिक लिंक म्हणजे पत्त्याची चिठ्ठी. घर पाडलं की हातात नुसती चिठ्ठी उरते. हार्ड लिंकचं तसं नाही. ते त्याच माणसाचं दुसरं नाव. मी त्यांना बाबा म्हणते, आई अहो म्हणते. उद्या मी बाबा म्हणायचं सोडलं, तरी माणूस आहेच ना घरात?" पोरं हसायची आणि वहीत उतरवून घ्यायची. त्यापुढचं वाक्यही ती न चुकता सांगायची, "पण लक्षात ठेवा, ही नक्कल नव्हे. एका नावानं हाक मारून ओरखडा काढलात, तर दुसऱ्या नावाच्या अंगावरही तोच ओरखडा."

डिस्क भरत आली होती. नकला ठेवायला जागा नव्हती. म्हणून तिनं प्रत्येक फाइलीला 'जपून'मध्ये दुसरं नाव देऊन ठेवलं. एका ठिकाणाहून पुसली गेली, तरी दुसरीकडे राहील. मग तिचाच प्रोग्राम साफ केलेला आवाज त्याच फाइलींवर लिहीत गेला आणि दोन्ही नावांचे बाबा एकदमच साफ झाले. दुसरीकडे कुठेही काही नव्हतं; ग्रंथालयाकडेही अजून काही पाठवलेलं नव्हतं. कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं की बाबा रेकॉर्डर रिकामा करत. नीटनेटका माणूस.

"सापडलं का गं?" आईनं विचारलं.

लेकीची मान वर होईना. "आई, मूळ राहिलेलंच नाही. माझ्या हातून गेलं."

"पण तू तर जपून ठेवलं होतंस."

"ठेवलं होतं." तिनं 'जपून' फोल्डर बंद केला. "तुझ्यापासून. तू चुकून काहीतरी दाबशील, पुसून टाकशील म्हणून."

आईनं पदराला हात पुसले. ते केव्हाच वाळले होते, तरी पुसत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. लेकीला वाटलं, टेबलाखाली तोंड घालावं आणि तिथेच बसून राहावं.

"मला कुठे काय दाबता येतं," आई हळूच म्हणाली. "तू पडद्यावर 'अहो' लिहून दिलंयस, तेवढं एक दाबते." मग समजूत काढावी तशी म्हणाली, "एखादी राहिली असेल. घाईत नजर चुकते माणसाची. तू लाव बरं पुन्हा. मी आतूनच ऐकते, रोजच्यासारखी."

लेकीनं फाइल लावली. एखादा तरी ठसका आपल्या हातून निसटलेला असू दे, असं मनाशी म्हणत ती कान देऊन बसली. आत नळ सुटल्याचा आवाज आला आणि थांबला. पान संपलं, दुसरं लागलं. इतका वेळ आत काहीच कसं वाजत नाही, म्हणून तिनं मागे वळून पाहिलं.

भरलेला पेला हातात धरून आई स्वयंपाकघराच्या दारात तयारीनं उभी होती, आणि बाबा खणखणीत आवाजात, कुणाकडे काहीही न मागता, वाचत चालले होते.