टबाची हौस

"टब नसंल तर मी येणार न्हाई," केशरबाईंनी तव्यावरची भाकरी उलटत सांगून टाकलं.

तात्यारावांचा घास हातातच राहिला. नळदुर्गच्या अलीकडं त्यांचं गाव, आणि गावच्या सोसायटीचे ते चेअरमन. बहात्तर सालचा पाऊस जो दडी मारून बसला तो बसलाच. आता माघ लागला होता. माणसं खडी फोडत होती, बाया घागरी घेऊन कोस कोस फिरत होत्या, आणि चेअरमनसाहेब संचालकांना घेऊन आठवडाभर कोकणात निघाले होते. समुद्राकाठी एका ठेकेदाराचा बंगला होता. मागं नारळाची बाग, पुढं वाळू, आणि न्हाणीघरात इंग्रजाच्या काळातला टब. माणूस पाय पसरून आडवा पडंल एवढा, बंबाचं गरम पाणी थेट त्यात. हे सगळं तात्यारावांनीच मिशीला पीळ देत घरीदारी सांगितलं होतं. आता बायको टबच धरून बसली, तर बोल कुणाला लावायचा?

तिला न्यायचं त्यांच्या मनातसुद्धा नव्हतं.

"ऐन थंडीत पदरानं वारा घेत बसतीस," ते म्हणाले. "अंगाची लाही होती म्हणतीस. तुला गरम पाणी कशाला?"

"गुडघ्याला."

त्या घरात एवढं बोलणं म्हणजे गप्पाच झाल्या. तात्याराव सोप्यात निजायचे, केशरबाई माजघरात, आणि ह्याला बरीच वर्षं झाली होती. वाढणं आणि टोचणं एवढाच संसार उरला होता. केशरबाईंना तो माणूस डोळ्यासमोर नको व्हायचा, आणि त्यालाही ती.

गावात पाणी राहिलेली विहीर एकच, तात्यारावांच्या मळ्यातली. तिच्याभोवती काटेरी तार, तारेच्या फाटकाला कुलूप, आणि फाटकापाशी काठी घेऊन राखणदार शांतलिंग. पाणी सगळं उसाच्या बेण्याला. कुलपाची एक किल्ली शांतलिंगपाशी असायची, दुसरी केशरबाईंच्या कमरेला.

त्याच दिवशी बौद्धवाड्यातली हरणाबाई दारात आली. तिची सून बाळंत झाली होती. लेकराला ओल्या फडक्यानं पुसून काढत होते, आणि आता फडकं ओलं करायचीही मारामार होती. तिनं एक घागर पाणी मागितलं. तात्याराव सोप्यात बसून बघत होते.

"हीर काय तुझ्या सासऱ्यानं खांदलीय?" केशरबाईंनी विचारलं.

खरं तर हरणाबाईच्या सासऱ्यानंच खांदली होती, पण ते तिथं कुणी बोललं नाही. हरणाबाईनं रिकामी घागर काखेत घेतली. वेशीपर्यंत ती बोलत गेली, आणि भेटंल त्याला एकच सांगत गेली, की लेकरं पाण्यावाचून तडफडत्यात आन हिला टबात लोळायचंय, मरंल ती त्याच टबात बुडून. संध्याकाळपर्यंत गावातल्या बाया केशरबाईंना बघून थुंकायला लागल्या.

केशरबाईंनी मात्र हट्ट सोडला नाही, उलट वाढवला. आता शांतलिंगही बरोबर पाहिजे होता. बंब कोण पेटवणार, लाकडं कोण फोडणार, तुमचे संचालक? विहिरीवर कोण बसणार, असं तात्यारावांनी विचारलं, तर म्हणाल्या, कुलूप हाय की, आणि दोन्ही किल्ल्या आपल्याच बरोबर येत्यात. तात्याराव दोन दिवस चरफडले आणि शेवटी हो म्हणाले.

शुक्रवारी सकाळी जीप दारात आली. आधी तुळजापूरला देवीचं दर्शन, मग सोलापूर, मग खाली कोकण. सगळे डोक्यावरून अंघोळ करून, गंध लावून बसले होते. शांतलिंग सामानावर चढला होता. रस्त्याच्या कडेला बाया उभ्या होत्या, हरणाबाई सगळ्यांत पुढं.

केशरबाई नवं लुगडं नेसून उंबऱ्याबाहेर आल्या, आणि जीपकडं न जाता अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन बसल्या.

"जावा तुमी," त्या म्हणाल्या. "मला कावळा शिवला."

संचालकांनी माना फिरवल्या. तात्याराव कपाळाला आठ्या घालून उभे राहिले, पण आत उकळ्या फुटत होत्या. ब्याद टळली होती. बंबासाठी शांतलिंग तर आता लागणारच. तेवढ्यात त्यांना किल्ली आठवली, आणि त्यांनी हात पुढं केला.

"घ्या," केशरबाई म्हणाल्या. "पण मग परत अंघोळ करा. देवीला जायचंय."

विस्तवाला लागल्यागत तात्यारावांनी हात मागं घेतला. जीपवाला हॉर्न वाजवत होता. त्यांनी क्षणभर विचार केला. बाहेर बसलेली बाई पाण्याच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही. किल्ली हिच्याइतकी दुसऱ्या कुणापाशी सुरक्षित राहिली नसती.

"हिरीकडं फिरकू नको," तरी त्यांनी बजावलं.

"मला शिकवू नका," केशरबाई म्हणाल्या.

जीप गेली. धुरळा खाली बसून बाया पांगेपर्यंत केशरबाई तिथंच बसून होत्या. मग उठल्या आणि तडक बौद्धवाड्यात गेल्या.

"का?" हरणाबाईनं दारातनंच विचारलं. "टब भरला न्हाई का?"

"घागरी घ्या," केशरबाई म्हणाल्या. "सगळ्यांच्या घ्या. ती लोकं येईस्तवर फाटक उघडं हाय."

कुणी जागचं हललं नाही. केशरबाई गुडघ्यावर हात टेकत मळ्याकडं चालू लागल्या, तेव्हा बाया दूर दूर राहून मागनं निघाल्या. विश्वास कुणाचाच नव्हता. कुलूप खरंच उघडलं, केशरबाईंनी पोहरा हातात घेतला, तशी हरणाबाई धावत पुढं आली आणि तिनं दोर धरला.

"थांबा. तुमी बाहेर बसलेल्या. पाण्याला शिवला आन उद्या काही झालं, तर खापर आमच्या डोक्यावर फुटंल. वढायचं आमी वढतो."

केशरबाईंनी तिच्या हातातनं दोर सोडवून घेतला आणि पोहरा खाली सोडला.

"मला शेवटचा कावळा शिवला त्याला तीन वर्षं झाली, हरणाबाई," त्या म्हणाल्या. "एका घरात राहून तेवढं ठावं न्हाई चेअरमनला."