जितलो का वं आई?

"आपण जितलो का वं आई?" चंद्रकुमारनं ताटावरून मान वर करून विचारलं.

उर्वशी चुलीपुढे होती. तिला हसूच आलं. पोरगा पंधराचा झाला, मिसरूड फुटलं, तरी लाड काही संपत नाहीत! "जितले ना बाप्पा! तीन पॉइंटानं जितले. शील्ड घेऊन कोन आलं मंग?"

त्यानं मान हलवली आणि भातात हात घातला.

दोन्ही पोरं आत्ताच मंडईच्या जत्रेतल्या कबड्डीतून परत आली होती. खेळणारी पोरं म्हणजे घरात रोज कुणाचं तरी काहीतरी फुटलेलंच. अंगठा, गुडघा, ओठ. आधी उर्वशी आरडाओरडा करायची, आता तेवढाही दम तिच्यात उरला नव्हता. रक्त निघालं तर हळद, सुजलं तर शेक, दोन्ही नसेल तर गुपचूप जेवा, असा तिचा कायदा होता. आज चंद्रकुमारच्या अंगावर साधा ओरखडा नव्हता. म्हणून तर बाई खूश होती.

धाकटा भूपेंद्र अकरा वर्षांचा. भावाचा पराक्रम त्याच्या पोटात मावत नव्हता. "आई, शेवटची रेड होती. तीन पोट्टे दादाच्या अंगावर पडले. दादाचं डोकं असं थाड् करून जमिनीवर आपटलं, मी मागं बसलो होतो, तिथपर्यंत आवाज आला! तरी दादानं हात लांबवून लाइन गाठलीच. लोक काय ओरडले!"

"मंग?"

"मंग काय? पानी मारलं तोंडावर. उठला दादा. शील्ड बी त्यानंच घेतली."

"पहिलवान आहे माहा पोट्टा," उर्वशी म्हणाली आणि चंद्रकुमारच्या भातावर आणखी एक पळी वरण ओतलं. खोटं कशाला सांगा, अभिमानानंच म्हणाली.

"कोन जितलं आई?" चंद्रकुमारनं विचारलं.

भूपेंद्र खिदळला. "दादाले आयकाले लय मजा येऊन राहिली!"

मजा तर तिलाही येत होती. पोराला कौतुक हवंय, तर घे म्हणावं पोटभर. तिनं पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं, जसं काही ती स्वतःच मैदानावर हजर होती. चंद्रकुमार लक्ष देऊन ऐकत होता. दुसऱ्या कुणाची गोष्ट ऐकावी तसा.

दोन घास खाल्ले असतील, तो उठला आणि मोरीत जाऊन सगळं ओकला.

"सकाळपासून उपाशी, त्यात ऊन. होईन नाई तं काय!" उर्वशीनं लिंबू पिळून पेला त्याच्या हातात दिला. तो भिंतीला टेकून बसला. पेला हातातच तिरपा झाला, पाणी मांडीवर सांडत राहिलं. त्यानं खाली पाहिलंसुद्धा नाही.

"आई, आपली मॅच किती वाजता आहे?"

भूपेंद्र हसला. या वेळी एकटाच हसला.

उर्वशी चंद्रकुमारसमोर उकिडवी बसली आणि तिनं त्याची हनुवटी धरली. "चंदू, माह्याकडे पाह्य. तुहे बाबूजी कुठी गेले?"

"घरीच तं आहेत."

बाबूजी ट्रक घेऊन रायपूरकडे गेले, त्याला आठ दिवस झाले होते. जाताना यानंच त्यांची पिशवी रस्त्यापर्यंत नेली होती. उर्वशीनं त्याचं तोंड उजेडाकडे फिरवलं. एका डोळ्यातली काळी बाहुली तिळाएवढी, दुसऱ्यातली वाटाण्याएवढी.

"माय वं!" ती ताडकन उठली. "भूपेंद्र, धाव! टिकारामभाऊले म्हन, ऑटो काढा. दादाले साकोलीच्या दवाखान्यात न्याचं आहे."

ऑटो दारात आला. भूपेंद्र रडत चढायला लागला, तर तिनं त्याला खाली उतरवलं. "तू घरी ऱ्हाय. चूल पाह्य." चुलीचं कसलं आलंय! पण त्या घडीला तोंडातून तेवढंच निघालं.

साकोली अठरा किलोमीटर. टिकारामनं ऑटो असा हाणला की खड्डा दिसत नव्हता, की गतिरोधक. "वहिनी, झोपू देऊ नका त्याले," तो पुढूनच ओरडला. "बोलत ऱ्हा."

ती बोलत राहिली. वर्ग कोणता? नववी. शाळेच्या मागं काय आहे? तलाव. धाकट्या भावाचं नाव? भूपेंद्र. जर्सीचा नंबर? सात. सावकाश, पण प्रत्येक उत्तर बरोबर. उर्वशीच्या जिवात जीव आला. देवा, एवढं निभावून ने, मग याच्या हातात कबड्डी काय, गोट्यासुद्धा देणार नाही, असं ती मनातल्या मनात म्हणाली.

तेवढ्यात चंद्रकुमार सावरून बसला. त्यानं शर्टाची वर गेलेली कड खाली ओढली आणि अंग चोरून तिला आणखी थोडी जागा करून दिली. मग टिकारामच्या पाठीकडे एकदा पाहिलं, तिच्याकडे वाकला आणि हळूच, अदबीनं म्हणाला,

"मावशी, मले डोक्याले लागलं आहे. पन माह्या आईले सांगू नोका. थे मले खेळू देनार नाई."